तारीख नसलेला राजीनामा

राजीनामा कसा लिहायचा हे शिकवणारं कलम कायद्याच्या पुस्तकात असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. महाराष्ट्रात ते आहे. खाजगी शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा उघडा आणि कलम ७ वाचा. ज्याला राजीनामा द्यायचा आहे त्याने पत्राच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेकडे पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. संस्थेचं कार्यालय वर्गाच्या भिंतीपलीकडे का असेना, राजीनामा पोस्टातून जायचा.

एवढी बारकाई कशासाठी? शाळेत रुजू होतानाच नव्या शिक्षकाकडून राजीनामा लिहून घ्यायचा, त्यावर सही घ्यायची, तारखेची जागा कोरी ठेवायची आणि तो कागद संस्थेच्या कपाटात जपून ठेवायचा, ही रीत आपल्याकडे चांगली रुळलेली होती. शिक्षकाने पगाराचा प्रश्न काढला, पदाधिकाऱ्याच्या मुलाला नापास केलं, दुसऱ्या गटाशी बोलताना दिसला, की कपाट उघडायचं आणि तारीख भरायची. बाहेरच्यांना दिसायचं ते एवढंच, की गुरुजी स्वतःहून गेले. जबरीने घेतलेल्या राजीनाम्याला आळा घालणं हाच या कलमाचा हेतू आहे, असं न्यायालयांनीही सांगितलं आहे. पोस्टाचा शिक्का खोट्या तारखेला जुमानत नाही आणि टपाल कचेरीपर्यंत शिक्षकाला स्वतःच्या पायांनी जावं लागतं. एका दुःखावर कायदेमंडळाने पोस्टाच्या पावतीचा उपाय शोधावा, याचं मला आजही नवल वाटतं.

हा कायदा असा कलमाकलमाने वाचायला लागलं, की प्रत्येक तरतुदीमागे कुणाचा तरी खरा अनुभव असावा असं जाणवत राहतं. बी.एड. किंवा डी.एल.एड. होऊन दरवर्षी बाहेर पडणारी हजारो मुलंमुली या कायद्याच्या छायेत नोकरीला लागतात. त्यांनी बालमानसशास्त्र आणि पाठ नियोजन शिकलेलं असतं. हा कायदा मात्र बहुतेकांच्या हातात अडचण आल्यावरच पडतो.

मुळात शिक्षकासाठी वेगळा कायदा लागलाच का? कामगार कायदे होते, औद्योगिक न्यायालयं होती. या प्रश्नाच्या उत्तरासाठी गोव्यात जावं लागतं. तिथल्या एका शाळेतल्या शिक्षिकेला १९७५ मध्ये नोकरीवरून काढलं. औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागता मागता ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. निकाल लागला १९८८ मध्ये, आणि त्यातला युक्तिवाद थक्क करणारा आहे. शाळा हा ‘उद्योग’ आहे, कारण १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात न्यायालयाने तसं ठरवलेलंच होतं. पण उद्योगातला ‘कामगार’ कोण? जो अंगमेहनतीचं, कसबी किंवा बिनकसबी, तांत्रिक, देखरेखीचं किंवा कारकुनी काम करतो तो. शिकवणं यातल्या कशातच बसत नाही. शिक्षण देणं हे एक व्रत आहे, उदात्त कार्य आहे, म्हणून शिक्षक कामगार नव्हे.

याचा अर्थ असा झाला, की शाळेच्या कचेरीतला कारकून कामगार न्यायालयाचं दार ठोठावू शकेल, पण वर्गात उभी असलेली बाई ठोठावू शकणार नाही. तिच्या कामाचा मान इतका मोठा, की त्यापायी तिचा हक्कच गेला. हे न्यायमूर्तींनाही जाणवलं असावं. त्याच निकालपत्रात त्यांनी नमूद केलं, की शिक्षकांना सामाजिक न्यायापासून वंचित ठेवता येणार नाही, अनेक राज्यांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरणं उभारली आहेत आणि गोव्यानेही तसं काही करण्याची वेळ आली आहे.

हीच गोष्ट उपदानाच्या म्हणजे ग्रॅच्युइटीच्या बाबतीत पुन्हा घडली. १९७२ च्या उपदान कायद्यात कर्मचाऱ्याची व्याख्या जवळपास तशीच होती. अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शिक्षक या व्याख्येत येत नाहीत आणि हवं तर संसदेने कायदा करावा. संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलली आणि ती दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून, म्हणजे तब्बल बारा वर्षं मागे जाऊन लागू केली. खाजगी शाळा त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. शिक्षक हा ‘कर्मचारी’ आहे, एवढं साधं वाक्य कायद्यात पक्कं व्हायला पन्नास वर्षं लागली.

महाराष्ट्र मात्र गोव्यातल्या त्या निकालाच्या आधीच जागा झाला होता. १९७७ पूर्वी इथे माध्यमिक शाळा संहिता होती. तिच्यात चांगले नियम होते, पण ती शासकीय सूचनांची पुस्तिका होती. तिला कायद्याचं बळ नव्हतं. संस्थेने नियम मोडला तर शासन अनुदान रोखू शकत होतं. त्याने शिक्षकाची नोकरी परत येत नव्हती, उलट अनुदान थांबलं तर इतरांचेही पगार अडकत. १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली आली तेव्हा पहिल्यांदा शिक्षकाच्या हातात असा हक्क पडला, जो त्याला स्वतः जाऊन बजावता येतो. हा कायदा मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू आहे, मग त्यांना अनुदान मिळत असो वा नसो. ‘आमची शाळा विनाअनुदानित आहे, आम्हाला ते नियम नाहीत’ हे वाक्य नव्या शिक्षकाला हमखास ऐकवलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे. वेतन नियमांपेक्षा कमी दिलं जात असेल तर ते नियमांच्या पातळीला आणण्याचा लेखी आदेश शिक्षण संचालकांनी संस्थेला द्यायचा, असं कलम ४ सांगतं. आणि ते कलम अनुदानाचा प्रश्न विचारत नाही.

आता या कायद्याच्या गाभ्याकडे येऊ. या कायद्याने संस्थेच्या गप्प बसण्याला अर्थ दिला आहे. एरवी अधिकाराच्या जागी बसलेला माणूस गप्प बसला की खालच्या माणसाचं नुकसान होतं. अर्ज पडून राहतो, फाइल हलत नाही. इथे उलट आहे. कायमस्वरूपी रिक्त जागेवर, पात्रता असलेल्या माणसाची, ठरलेल्या पद्धतीने नेमणूक झाली की त्याचा परिवीक्षा काळ सुरू होतो. पूर्वी तो सर्वांनाच दोन वर्षांचा होता, नवख्यांना ठरावीक मानधनावर नेमणारी शिक्षणसेवक योजना आल्यावर सहायक शिक्षकांसाठी तीन वर्षांचा झाला. या काळात काम समाधानकारक वाटलं नाही तर संस्था एक महिन्याची नोटीस देऊन, किंवा नोटिशीऐवजी एक महिन्याचं वेतन देऊन त्याला कमी करू शकते. आणि काहीच केलं नाही तर? मुदत संपली की तो कायम झाला असं कायदाच मानतो. त्यासाठी संस्थेचा ठराव लागत नाही, की अध्यक्षांची सहीही लागत नाही. शेवटचा दिवस मावळला की दर्जा बदलतो.

गोपनीय अहवालाचंही तसंच. मुख्याध्यापकाने दरवर्षी शिक्षकाच्या कामाचा अहवाल लिहायचा आणि त्यात प्रतिकूल शेरा असेल तर तो ठरावीक मुदतीत शिक्षकाला कळवायचा. अहवाल लिहिलाच नाही, किंवा शेरा कळवला नाही, तर त्या वर्षीचं काम समाधानकारक होतं असं धरायचं, हे नियम १५ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे. परिवीक्षेवरच्या शिक्षकाचं मूल्यमापन वस्तुनिष्ठ असावं आणि त्याची नोंद ठेवावी, असंही तोच नियम सांगतो. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षणसेवकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा धागा पुढे नेला. परिवीक्षेतल्या माणसाला कमी करण्याचा अधिकार संस्थेला आहे हे खरं, पण तो वापरण्याआधी या मूल्यमापनाचा विचार व्हायला हवा, असं न्यायालय म्हणालं. दोन वर्षं एकही शेरा न लिहिता शेवटच्या महिन्यात ‘काम असमाधानकारक’ एवढे दोन शब्द लिहून भागत नाही.

परिवीक्षा म्हणजे टांगती तलवार, असंच आपल्याकडे सगळे धरून चालतात. पण ५ ऑक्टोबर १९६६ रोजी पॅरिसमध्ये शिक्षकांच्या दर्जाविषयीची जी आंतरराष्ट्रीय शिफारस मंजूर झाली, आणि जिच्यामुळे ५ ऑक्टोबर हा जागतिक शिक्षक दिन झाला, तिच्यात या काळाकडे नवख्याला उत्तेजन देण्याची आणि कामात रुळवण्याची संधी म्हणून पाहिलं आहे. आपल्या नियम १५ मधल्या ‘वस्तुनिष्ठ मूल्यमापना’त त्याच विचाराचं बीज आहे असं मला वाटतं. मुख्याध्यापकाने वर्गात मागच्या बाकावर बसून पाठ पाहिला, नंतर दहा मिनिटं बोलला, आणि ते वहीत नोंदवलं, तर तो नियम पाळल्यासारखा होतो आणि शिक्षकही घडतो.

ज्या कायद्यात नुसता काळ गेल्याने माणूस कायम होतो, त्यात काळ पुरा होऊ न देण्याच्या युक्त्याही निघणारच. सगळ्यात सोपी युक्ती नेमणुकीच्या आदेशातच असते. शिक्षक ज्याला नुसतं ‘ऑर्डर’ म्हणतात, तो कागद नियमावलीच्या अनुसूची ‘ड’मधल्या नमुन्यात द्यायचा असतो आणि मिळाल्याची पोच शिक्षकाकडून घ्यायची असते. रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी कुणी हवं असेल तर तात्पुरती नेमणूक करता येते, आणि मग आदेशात तिची मुदत लिहावी लागते. हे रास्तच आहे. पण जागा कायमची रिकामी असतानाही आदेशात ‘निव्वळ तात्पुरती, अकरा महिन्यांसाठी’ असं लिहिलं तर काय? असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. नेमणूक अकरा महिन्यांची, जागा स्पष्टपणे रिक्त. १९९७ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की आदेशच तात्पुरत्या, मर्यादित मुदतीचा आहे, तेव्हा ही परिवीक्षेवरची नेमणूक नव्हे आणि कायम झाल्याचं मानता येणार नाही.

हा निकाल शिक्षकांना महागात पडला. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सेवा संपवायची आणि जूनमध्ये नवी ऑर्डर द्यायची, हे चक्र ज्या शाळांत चालतं तिथे हेच शब्द कामी येतात. म्हणून रुजू होण्याआधी आदेशात तीन गोष्टी शोधाव्यात. ‘परिवीक्षाधीन’ हा शब्द आहे का, जागा कोणत्या कारणाने रिक्त झाली ते लिहिलं आहे का, आणि वेतनश्रेणी किंवा मानधन नमूद आहे का. मागच्या परिवीक्षेत कमी केलेल्या माणसाला त्याच संस्थेने वर्षभरात पुन्हा घेतलं तर आधीचा काळ नव्या काळात धरावा, अशीही तरतूद कलम ५ मध्ये आहे. तोडायचं आणि जोडायचं हा खेळ कायदा करणाऱ्यांना ठाऊक होता, पण आदेशातल्या शब्दांनी तो कसा खेळला जाईल हे त्यांना पुरतं दिसलं नसावं.

दुसरी अडचण मान्यतेची. शाळेत किती पदं असतील ते संचमान्यतेने ठरतं आणि संचमान्यता विद्यार्थी संख्येवर ठरते. पदावर माणूस नेमला की शिक्षणाधिकाऱ्याची वैयक्तिक मान्यता लागते, मग पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला ‘शालार्थ’ क्रमांक, मग पगार. ही साखळी कुठेही तुटते. मान्यता न मिळालेला शिक्षक वर्षानुवर्षं शिकवत राहतो आणि त्याला सांगितलं जातं, की मान्यताच नाही तर तुझी नोकरी तरी कुठे आहे? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने या बाबतीत फार मोलाचा निर्वाळा दिला आहे. शिक्षणाधिकाऱ्याची मान्यता नाही एवढ्यावरून नेमणूक बेकायदा ठरत नाही आणि न्यायाधिकरणाचं दारही बंद होत नाही. मान्यतेचा संबंध अनुदानाच्या पैशाशी आहे. शिक्षक आणि संस्था यांच्यातलं नातं त्याआधीच जुळलेलं असतं.

पैशाचं सांगायचं तर शिक्षणसेवक योजनेवर दुमत असायला जागा आहे. २००० मध्ये ती आली तेव्हा शासनाच्या तिजोरीवरचा भार हलका करणं हे कारण उघड होतं. पहिली तीन वर्षं पूर्ण पगार नाही, ठरावीक मानधन. ते बराच काळ प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होतं. १ जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. आता शेजारी सातवा वेतन आयोग ठेवा. माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं नुसतं मूळ वेतनच ३८,६०० रुपयांपासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता वेगळा. शिक्षणसेवक आणि शेजारच्या वर्गातले कायम शिक्षक यांचा तास सारखा, अभ्यासक्रम सारखा, दहावीच्या निकालाची जबाबदारीही सारखी. एवढी मोठी तफावत मला कोणत्याही हिशेबाने न्याय्य वाटत नाही. नवख्याला पगार थोडा कमी असावा हे समजू शकतं, निम्म्याहून कमी असावा हे नाही.

या मानधनापर्यंत पोचायला काय काय करावं लागतं तेही पाहा. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी, नंतर दोनशे गुणांची अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, मग शिक्षक भरतीसाठी २०१७ पासून आलेलं पवित्र पोर्टल, त्यावर पसंतीक्रम, आणि खाजगी संस्था असेल तर मुलाखत. अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा २०१७ च्या डिसेंबरात झाली, दुसऱ्यांदा थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात पात्रता मिळवलेल्या मुलांनी काय केलं? कुणी विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पैशांवर शिकवलं, कुणी क्लासेस घेतले, कुणी शेती पाहिली. पोर्टलमुळे डोनेशनचा बाजार काही अंशी आटोक्यात आला, हे श्रेय त्याला द्यायला हवं. पण वाट पाहण्यात गेलेल्या तरुण वर्षांची भरपाई करणारं कलम कोणत्याही कायद्यात नाही.

या कायद्यातला माझा सगळ्यात आवडता भाग मात्र नियम ३६ हा आहे. कायम शिक्षकावर गंभीर आरोप असेल तर त्याला काढण्याआधी चौकशी समिती नेमावी लागते. तिच्यात तीन माणसं असतात. एक संस्थेच्या व्यवस्थापनातला. दुसरा आरोप असलेल्या शिक्षकाने स्वतः निवडलेला, कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी. आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतून घेतलेला. क्षणभर थांबून याचा विचार करा. ज्याची नोकरी पणाला लागली आहे, तो आपल्या तीन न्यायकर्त्यांपैकी एक जण स्वतः निवडतो. आणि मालक आणि नोकर यांच्यात मत विभागलं, तर तोल ज्याच्या हातात जातो तो न्यायाधीशही नसतो आणि अधिकारीही नसतो. तो उत्तम शिकवण्याबद्दल गौरवलेला शिक्षक असतो. कारखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत असली व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. शिक्षकाचं वागणं शिक्षकी पेशाला शोभणारं होतं की नाही, हे ठरवताना त्या पेशात मान मिळवलेला माणूस समोर बसलेला असावा, हा विचार ज्या कुणाच्या डोक्यात आला त्याला वर्ग माहीत होता.

अर्थात नियम सुंदर असला म्हणून तो पाळला जातोच असं नाही. चौकशी न करताच घरी पाठवलेल्या शिक्षकांची प्रकरणं शाळा न्यायाधिकरणांपुढे सतत येत असतात. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी ही न्यायाधिकरणं बसतात. वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशापेक्षा कमी नसलेला न्यायिक अधिकारी तिथे असतो. बडतर्फी, काढून टाकणं, इतर कोणत्याही मार्गाने सेवा संपवणं, पदावनती, बढती डावलणं, या सगळ्यांविरुद्ध तिथे अपील करता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ करता येतो, पण त्यावर विसंबू नये. न्यायाधिकरणाने शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि या कायद्याचं सगळ्यात मोठं अपयश मला तेच वाटतं.

हा उशीर अंगावर काय आणतो ते एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात दिसतं. महाराष्ट्रातल्याच एका शाळेने तिला २००७ मध्ये काढलं. न्यायाधिकरणाने २००९ मध्ये बडतर्फी रद्द केली आणि मधल्या काळाचा पूर्ण पगार द्यायला सांगितलं. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये नोकरी राखली, पण तो पगार काढून घेतला. बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये त्या जिंकल्या आणि त्यांच्या प्रकरणातून साऱ्या देशाला लागू असलेलं तत्त्व पक्कं झालं. नोकरीतून काढणं बेकायदा ठरलं तर मागचा पूर्ण पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम. कर्मचारी मधल्या काळात दुसरीकडे कमावत होता असं संस्थेचं म्हणणं असेल, तर ते संस्थेने मांडून सिद्ध करावं. आज कारखान्यातला कामगार असो की बँकेतला शिपाई, मागच्या पगाराची मागणी करताना त्याचा वकील हमखास हाच निकाल पुढे ठेवतो. पूर्वी शिक्षकाला कामगारांच्या कायद्याने आत घेतलं नव्हतं, आणि आता कामगारांची बाजू मांडताना एका शिक्षिकेचा निकाल उपयोगी पडतो.

रोजच्या कामाचंही थोडं सांगतो, कारण बडतर्फीची वेळ थोड्यांवर येते, पण घड्याळ सगळ्यांनाच असतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास लिहिले आहेत आणि त्यापुढे एक शब्द आहे, ‘पूर्वतयारीसह’. म्हणजे घरी बसून तपासलेल्या वह्या, तयार केलेले तक्ते, वाचलेलं पान, हे सगळं काम आहे असं संसदेने मान्य केलं आहे. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढं सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक शाळेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी, हे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक केलं आहे. नव्याने रुजू झालेल्या तरुण शिक्षिकेला त्या समितीतल्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली दिसली पाहिजेत.

आणि कागद. मूळ प्रमाणपत्रं ‘पडताळणीसाठी’ म्हणून संस्थेकडे ठेवून घेतली जातात आणि परत मागायला संकोच वाटतो. पडताळणी समोरासमोर होऊ शकते. द्यायच्या त्या साक्षांकित प्रती. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असावा. हजेरीपटावर रोज स्वतःची सही करावी आणि सेवापुस्तकातल्या नोंदी वर्षातून एकदा तरी डोळ्यांखालून घालाव्यात. खात्यात पूर्ण पगार जमा करून त्यातला भाग रोखीने परत मागणाऱ्या शाळा आहेत, हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना माहीत असतं. तिथे एकट्या नवख्याने लढावं अशी अपेक्षा करणं क्रूर आहे. शिक्षक संघटना त्यासाठीच आहेत, आणि वर्गणी भरून सभासद होणं हाही एक हक्कच आहे.

राज्यघटनेने शिक्षकाला आणखी एक गोष्ट दिली आहे, जी दुसऱ्या कोणत्याही पेशाला दिलेली नाही. विधान परिषदेच्या सुमारे एक द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या, असं अनुच्छेद १७१ सांगतो. महाराष्ट्रात अशा सात जागा आहेत. गेल्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं शिकवलेलं असलं की शिक्षक या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. या सेवाशर्तींच्या कायद्यात बदल करायचा असेल तर तो या सभागृहातूनही जातो. यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुनं नाव आपोआप पुढे येत नाही. अर्ज क्रमांक १९ शाळाप्रमुखाच्या प्रमाणपत्रासह पुन्हा भरावा लागतो. मात्र हे मत माध्यमिक आणि त्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांपुरतंच आहे. पहिलीतल्या मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला ते नाही. घटना लिहिली गेली तेव्हा प्राथमिक शिक्षक सहसा पदवीधर नसत. आज अनेक जण पदव्युत्तर आहेत, टीईटी उत्तीर्ण आहेत, तरीही ते या यादीबाहेर आहेत. हे बदलायला हवं.